तुलना गटातले किलोकाका

उद्देश

संध्याकाळच्या जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तर माणसाला काय होतं, हे शोधून काढणे.

हा उद्देश संशोधन केंद्राचा. काकूंचा उद्देश घराबाहेर पडायचा होता. किलोकाकांना तर उद्देशच नव्हता. काकू सही करत होत्या म्हणून त्यांनीही केली, शेजारच्या रकान्यात, त्याच पेनाने.

सहभागी

किलोकाका हे नाव इमारतीने ठेवलेलं. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात होते आणि त्यातली पुष्कळशी वर्षं एका खोलीत गेली. त्या खोलीत काचेच्या घंटेखाली एक पितळी वजन ठेवलेलं होतं, बरोबर एक किलोचं. दुकानातली वजनं तपासायला निरीक्षक जी वजनं घेऊन जात, ती ज्याच्याशी ताडून पाहायची, ते हे. त्याला हात लावायचा नाही, कारण बोटाचा घाम चिकटला तरी ते जड होतं. उचलायचं तर टोकाला मऊ चामडं लावलेल्या चिमट्याने. खिडकी उघडायची नाही, वाऱ्याने पारडं हलतं. तराजूजवळ फार वेळ उभंही राहायचं नाही, कारण माणसाच्या अंगाची ऊब तराजूला कळते.

तर एकतीस वर्षं किलोकाकांनी त्या वजनाचं काय केलं? काही नाही. त्याला काही होऊ दिलं नाही, हेच ते काम. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "यांच्या कारकिर्दीत आमच्याकडे काहीही घडलं नाही." लोक हसले. काकांनी मात्र ते वाक्य घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं.

काकूंबद्दल थोडक्यात सांगायचं तर त्या बोलतात.

पद्धत

चिठ्ठ्या संगणकाने काढल्या. काकू चालणाऱ्या गटात गेल्या. काका तुलना गटात.

केंद्रातली प्रश्नावलीवाली मुलगी, जिला पुढे सगळे पाहणीताई म्हणू लागले, तिने समोर बसवून समजावलं.

"म्हणजे मी काय करायचं?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका. नेहमीसारखं राहायचं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"जसे आहात तसे. खाणं, पिणं, झोप, काही बदलायचं नाही. सव्वीस आठवडे."

"आणि त्याने काय होणार?"

"तुमच्याशी ताडून तर आम्ही चालणाऱ्यांना बघणार. तुम्ही नसाल तर त्यांच्या आकड्यांना काही अर्थच नाही."

पाहणीताई हे वाक्य दिवसातून चाळीस जणांना सांगत असे. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. घरी येताना त्यांची चाल बदलली होती. ते लक्षात येताच त्यांनी ती पुन्हा पहिल्यासारखी केली.

"एवढे कशाने फुललात?" काकूंनी विचारलं.

"मला प्रमाण ठरवलंय."

"कशाचं?"

"नेहमीचं."

काकू दोन पावलं गप्प चालल्या. त्यांच्या मानाने हे पुष्कळ झालं.

चालणाऱ्या गटाला मनगटावर बांधायची घड्याळं मिळाली, पावलं मोजून परस्पर केंद्राला कळवणारी. तुलना गटाला काही मिळालं नाही. त्यांना दर सोमवारी सकाळी पाहणीताईचा फोन आणि बावीस प्रश्न.

पद्धत, पण घरातली

न बदलणं हे किती कष्टाचं काम आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीचा एक पाय डगमगू लागला. सुताराला बोलवायचं तर बसण्यात फरक पडणार. काकांनी सुतार नको म्हटलं. मग डगमगत बसणं हाच बदल नाही का, अशी शंका त्यांना आंघोळ करताना आली. ते तसेच बाहेर येऊन फोनला लागले.

"काका, खुर्ची दुरुस्त केलीत तरी चालेल," पाहणीताई म्हणाली.

"पण चालेल म्हणजे किती चालेल?"

मुलीने परगावाहून मऊ तळव्यांचे बूट पाठवले. काकांनी खोका न उघडता माळ्यावर टाकला. न्हावी म्हणाला, यावेळी कानावरचे केस जरा बारीक करू का? काका म्हणाले, सप्टेंबरनंतर. चष्म्याचा नंबर वाढला होता, तो वाढू दिला. टीव्हीवर एक विनोदी मालिका सुरू झाली. पहिल्या दिवशी काका इतके हसले की दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला ते गॅलरीत जाऊन उभे राहू लागले.

सगळ्यांत वाईट वर्तमानपत्राचं झालं. त्यात रोज एक नवा शोध. सोमवारी कॉफीने हृदय सुधारायचं, गुरुवारी कॉफीने झोप बिघडायची आणि रविवारच्या पुरवणीत झोप बिघडलेल्यांचं हृदय कसं सांभाळावं याचे सात उपाय. सगळं जग ते वाचून उठत होतं, बसत होतं, बदाम भिजवत होतं. काकाही वाचत, कारण वाचायची सवय होती. फक्त पटवून घेत नसत.

"अहो, यात लिहिलंय की जेवताना वीस वेळा चावावं," काकू म्हणत.

"मी किती वेळा चावतो?"

"मी काय मोजायला बसलेय?"

"मग मोज. म्हणजे तेवढंच ठेवता येईल."

काकू ताट उचलून उठत. "आधी तरी तुम्ही कधी बदलत होता म्हणा. तेव्हा निदान सही तरी केली नव्हती."

तक्ता १ : किलोकाकांची उत्तरं

आठवडा १. चहा चार कप. साखर दीड चमचा. झोप सात तास. वजन अडुसष्ट किलो चारशे ग्रॅम. प्रश्न अकरा (गेल्या आठवड्यात एकटं किती वाटलं, शून्य ते दहा): शून्य.

आठवडा २. वरीलप्रमाणे.

आठवडा ३. वरीलप्रमाणे.

आठवडा ४. वरीलप्रमाणे. वजन तीस ग्रॅमने वाढल्याचं सकाळी दिसलं होतं, पण ते खिशातल्या किल्ल्यांचं निघालं.

आठवडा ९. वरीलप्रमाणे. प्रश्न अकराला थोडा वेळ लागला. पाहणीताईला वाटलं, फोन कट झाला.

आठवडा १४. वरीलप्रमाणे. प्रश्न अकरा: "मागच्या वेळी काय सांगितलं होतं?" "शून्य, काका." "मग शून्य."

आठवडा २०. वरीलप्रमाणे.

आठवडा २५. वरीलप्रमाणे.

जे तक्त्यात बसलं नाही

सहीच्या आधी त्या घरातली संध्याकाळ अशी असे. जेवणं साडेसातला आटोपत. मग काका डाव्या खुर्चीत, काकू उजव्या. काकू वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचत आणि काका वस्तूचं वजन सांगत.

"शिवणयंत्र, पायाचं, चालू स्थितीत."

"सत्तावीस. टेबल लाकडी असेल तर चौतीस."

"पिंजरा, पोपटासह."

"पोपट बोलणारा आहे?"

"त्याने वजनात काय फरक पडतो?"

"बोलणारा खात बसत नाही. हलका असतो."

"असं? मग मी कशी भरले?"

एवढंच. रोज. बावीस वर्षं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या घरात काही घडत नाही.

आता साडेसातला काकू घड्याळ बांधत, वर्तमानपत्र काखेत मारत आणि जात. सोबत चालणाऱ्या गटातले तिघं असत: खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन, समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर आणि कोपऱ्यावर कपडे शिवणारी शिवणवाली. दहा मिनिटं चालायचं होतं. काकू सव्वा तासाने परत येत.

"दहा मिनिटांना एवढा वेळ?"

"वॉर्म-अप असतो," काकू सांगत आणि काहीतरी आठवून हसत.

काका डाव्या खुर्चीत. समोर उजवी खुर्ची. त्यांनी नियमाप्रमाणे काही बदललं नव्हतं, तरी खोली नेहमीसारखी राहिली नव्हती. एकदा ते उठून काकूंच्या खुर्चीत जाऊन बसले, पण मग डावी रिकामी दिसू लागली. म्हणून परत आले. एकदा त्यांनी स्वतःशीच म्हटलं, "लोखंडी पाळणा," आणि स्वतःच उत्तर दिलं, "अठरा." त्यात मजा नव्हती. वस्तू कुठली येणार ते आधीच ठाऊक होतं.

एकदाच त्यांनी काकूंना विचारलं, "मी आलो तर?"

"या की. कोणी अडवलंय?"

"मी तुलनेत आहे."

"मग बसा तुलनेत," काकू म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. चौथ्या पायरीवर जरा थांबल्या, असं काकांना वाटलं. पण त्या चपलेचा पट्टा सारखा करत होत्या.

आणि काकू सुधारत होत्या, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. रक्तदाब उतरला. झोप लागू लागली. गालावर रंग आला. दहा मिनिटांत एवढं होतं, हे बघून काकांना विज्ञानाबद्दल आदर वाटला आणि पोस्टमनबद्दल अढी. पण सोमवारी अकराव्या प्रश्नाला सात म्हणायचं म्हणजे तुलना बिघडवायची. प्रमाणाच्या वजनाने मधेच आपण थोडे हललोय असं सांगितलं तर गावातली सगळी दुकानं खोटी पडतात. काका शून्य म्हणत राहिले.

वगळलेले सहभागी

सव्विसाव्या आठवड्यात फोन आला नाही. त्याऐवजी केंद्रात बोलावणं आलं. काकांनी ठेवणीतला सदरा घातला. वहीतलं साहेबांचं वाक्य एकदा वाचून घेतलं. त्यांना वाटलं, मोठे डॉक्टर स्वतः हात मिळवतील.

आत पाहणीताई एकटीच होती. तिच्यासमोर पडद्यावर एक पान होतं आणि ते वरपासून खालपर्यंत लाल होतं.

"काका, कसं सांगू," ती म्हणाली. "तुम्हाला पाहणीतून काढलंय."

"का?"

"संगणकाने तुमची उत्तरं बनावट ठरवली. पंचवीस आठवडे आकडे तेच. जिवंत माणसाचे आकडे असे नसतात. असे आकडे म्हणजे कोणीतरी घरी बसून भरलेले."

"घरी बसूनच भरले. बसायलाच सांगितलं होतंत."

"तसं नाही हो."

"फोन तुम्हीच करत होतात."

"मला माहीत आहे, काका. मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, एक तर हा माणूस थापा मारतोय, नाहीतर फर्निचर आहे."

काकांनी चष्मा पुसला. "आणि बाकीचे तुलनेवाले?"

"एकजण पोहायला लागला. दोघींनी साखर सोडली. एकांनी घटस्फोट घेतला. त्याला नैसर्गिक चढउतार म्हणतात. ते चालतात."

"आणि चालणारे?"

पाहणीताईचा चेहरा उजळला. "त्यांचे आकडे फार सुंदर आलेत. रक्तदाब, झोप, सगळं. एकटेपणा तर निम्म्यावर. आणि पावलं रोजच्या रोज, एक दिवस चुकलेला नाही. घड्याळं खोटं बोलत नाहीत ना." मग तिने आवाज खाली आणला. "काका, रागावू नका, फॉर्मवर लिहावं लागतं म्हणून विचारते. एखादं तरी उत्तर बनवलेलं होतं का?"

किलोकाका उसळून नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण अकरावा प्रश्न आठवला आणि त्यांनी ते मिटलं.

पाहणीताईने एका चौकोनात खूण केली.

चर्चा

त्या दिवशी साडेसातला काकू नेहमीप्रमाणे गेल्या. काकांनी केंद्रातलं काही सांगितलं नव्हतं. ते डाव्या खुर्चीत बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं की आता बसायचं कारण उरलेलं नाही. डगमगणारी खुर्ची, वाढलेला नंबर, कानावरचे केस, यांतलं काहीही आता कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

त्यांनी माळ्यावरून खोका काढला. बूट अर्ध्या मापाने मोठे होते.

औषधांचं दुकान, लाँड्री, मग बंद छापखान्याची लांब भिंत. भिंतीच्या वळणाअलीकडेच काकूंचं हसू ऐकू आलं. चालताना माणूस असं हसत नाही, धाप लागते. काका वळले. दिव्याच्या खांबाखाली एक बाक होता. बाकावर शिवणवाली, दातांचे डॉक्टर आणि मधे काकू. मांडीवर शेंगदाण्याचा पुडा. हातात वर्तमानपत्र.

"विकणे आहे," काकू वाचत होत्या. "लोखंडी कपाट, दोन दारी."

"तीस किलो," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आपले दाढेच्या अंदाजाने सांगता," शिवणवाली म्हणाली. "शंभर तरी असेल."

"रिकामं असेल तर बावन्न," मागून काका म्हणाले. "आरसा असेल तर छप्पन्न."

शेंगदाणे खायचे थांबले. काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

"बूट घातलेत," त्या म्हणाल्या.

"घड्याळ कुठाय तुझं?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण तेवढ्यात रस्त्याच्या त्या टोकाकडून पोस्टमन आले. झपाझप, हात हलवत. उजव्या मनगटावर दोन घड्याळं, डाव्यावर दोन.

"अरे, किलोकाका," पोस्टमन न थांबता म्हणाले. "बसा, बसा. माझा एक फेरा राहिलाय," आणि ते बाकाला वळसा घालून पुढे गेलेसुद्धा.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तिसऱ्या आठवड्यापासून," शिवणवाली म्हणाली. "माझी टाच दुखत होती हो. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. तर हे सगळे माझ्याजवळच बसले. पोस्टमनभाऊंना मात्र बसवत नाही, जन्मभर दारोदार हिंडलेला माणूस. ते म्हणाले, आणा इकडे घड्याळं, मला वजन थोडंच होतंय."

"एकेकाचं बेचाळीस ग्रॅम," काका म्हणाले.

दातांचे डॉक्टर खाकरले. "आपण कोणाला त्रास देत नाही. पावलं पडतायत, फक्त एकाच माणसाची. आणि गुण तर येतोय. माझा रक्तदाब बघा."

काकांनी खात्यात असताना पोकळ वजनं पकडली होती. बाहेरून पितळ, आत बूच. दुकानदार अगदी असेच खाकरत. एकतीस वर्षांत त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं. सकाळी एक फोन केला असता तर चार घड्याळं जप्त झाली असती आणि केंद्राचा सगळा सुंदर निकाल कोसळला असता. काकूंनाही ते कळत होतं. त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि चक्क बोलत नव्हत्या.

पण ज्याच्याशी ताडून खोटं ठरवायचं, ते वजनही आतून बूचच होतं. पंचवीस सोमवार. शून्य, शून्य, शून्य.

पोस्टमन परत आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. काका त्यांच्याजवळ गेले, त्यांचं डावं मनगट उलटं करून पाहिलं आणि निळ्या पट्ट्याचं घड्याळ सोडवलं. काकूंचं तेच, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी काकूंच्या हातात बांधलं. दोन बोटांनी, जपून, चिमट्याने धरल्यासारखं.

"चल," ते म्हणाले. "दहा मिनिटं."

"आत्ता? माझे गुडघे बसलेत हो."

"माझेही."

"आणि यांचं?" काकूंनी बाकाकडे मान वळवली.

"यांचं मला माहीत नाही. मला काढून टाकलंय. मी कोणीच नाही."

मर्यादा

पहिल्या खांबापर्यंत दोघं व्यवस्थित गेली. दुसऱ्याशी काका थांबले. तिसऱ्याशी काकू.

"काढलं म्हणजे? तुम्हाला?" काकू धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही तर गालसुद्धा खाजवत नव्हतात."

"म्हणूनच. फर्निचर म्हणाले."

काकूंनी हसू दाबलं, पण खांदे हलले. मग म्हणाल्या, "मी येणार होते सांगायला. रोज जिन्यात वाटायचं. पण तुम्ही असे बसलेले असायचात, जणू काचेखाली. हात लावला तर काय होईल, कोण जाणे."

काका थोडं चालले. नवे बूट टाचेतून निसटत होते.

"अकराव्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं," ते म्हणाले.

अकरावा प्रश्न चालणाऱ्यांनाही होता. काकूंना विचारावं लागलं नाही, कशाबद्दल. "किती द्यायचं होतं?"

"सात. काही आठवड्यांत आठ."

"आणि सांगितलंत किती?"

"शून्य."

काकूंनी वर्तमानपत्र एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं, त्यामुळे काकांच्या बाजूचा हात मोकळा झाला. पुढच्या खांबाखाली उजेड बरा होता. तिथे त्या थांबल्या, पान उलगडलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"दगडी पाटा," त्यांनी वाचलं. "वरवंट्यासकट."

"उभ्या उभ्या?"

"सांगा. दहा मिनिटं व्हायचीत अजून."

निष्कर्ष

सोमवारी सकाळी फोन वाजला. काकूंनी उचलला. काका आत सुताराशी खुर्चीबद्दल बोलत होते.

"काकू, सगळं ठीक आहे ना?" पाहणीताईच्या आवाजात काळजी होती. "तुमची पावलं एकदम घसरलीत. चार दिवस झाले, संगणक लाल दाखवतोय. मधेच थांबताय, शंभर पावलांना तीन तीन मिनिटं. सव्वीस आठवड्यांत असं कधी झालं नव्हतं. बाकी तिघांचं उत्तम चाललंय. तब्येत बरी आहे ना तुमची?"

"तब्येत बरी आहे."

"मग? शेवटच्या आठवड्यात असे आकडे आले तर तुम्हालाही वगळावं लागेल हो. घरी काही अडचण आहे का?"

काकूंनी आत पाहिलं. काका सुताराला सांगत होते की दोन्ही खुर्च्या घेऊन जा, डावीचा पाय आणि उजवीला नवी बैठक. आणि जाता जाता सांगत होते की दोन्ही मिळून अकरा किलो भरतील.

"आहे," काकू म्हणाल्या. "रोज साडेसातला बरोबर येते."